बाख वाजवायला जर्मनीत जन्मावं लागतं का?

गेल्या अंकात मी मासाआकी सुझुकी या जपानी ऑर्गनवादक आणि वृंदसंचालकावर दोन पानं लिहिली होती. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याचं संगीत वाजवणारा हा माणूस. खानदेशातल्या वाचकांना हा विषय परका वाटेल अशी धास्ती होती, पण पत्रं आली आणि चांगली लांबलचक आली. त्यातली चार इथे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते लिहिणाऱ्या मुलाचं आयुष्य त्या उत्तरावर थोडंफार अवलंबून आहे.

प्रश्न : बाई, मी अमळनेरचा, वय एकोणीस. आमच्या भजनी मंडळात सहा वर्षं पेटी वाजवतो. मोबाईलवर बाखचं ऑर्गन ऐकलं आणि वेड लागलं. तुमच्या लेखातल्या सुझुकींसारखं ऑर्गन वाजवावं, वृंद उभा करावा असं वाटतं. घरचे म्हणतात, ते गोऱ्या लोकांचं काम, तुझ्या सात पिढ्यांत कोणी चर्च पाहिलं नाही. बाख वाजवायला जर्मनीत जन्मावं लागतं का? आणि आता उशीर झाला आहे का?

उत्तर : बाळा, घरच्यांचा प्रश्न खोटा नाही, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. सुझुकींचा जन्म 1954चा, कोबे शहरातला. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं शंभरात जेमतेम एक. त्या एकातलं त्यांचं घर. आईवडील हौसेने गाणारे-वाजवणारे. बाराव्या वर्षी हा मुलगा रविवारच्या उपासनेला ऑर्गनवर बसू लागला. मोठा वादक व्हायचं म्हणून तो बसला नव्हता, रविवार आला की कोणीतरी वाजवायलाच हवं म्हणून बसला. हे लक्षात ठेव, कारण तुझ्या मंडळातही तू तसाच बसतोस. एकादशी आली की पेटी उघडावीच लागते, मन असो वा नसो, समोर पाच माणसं असोत वा पन्नास.

पुढे त्यांनी टोकियोत संगीतरचना आणि ऑर्गन असं दोन्हीचं शिक्षण घेतलं, मग अ‍ॅमस्टरडॅमला गेले. तिथे डच वादक टॉन कूपमन यांच्याकडे हार्पसिकॉर्ड, म्हणजे तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं जुनं वाद्य, आणि पीट केई यांच्याकडे ऑर्गन शिकले. परत येऊन 1990 मध्ये त्यांनी ‘बाख कॉलेजियम जपान’ हा वृंद उभा केला. 1995 मध्ये बाखच्या धार्मिक कँटाटांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. कँटाटा म्हणजे रविवारच्या वाचनाला धरून गायचं, वृंद, एकल गायक आणि वाद्यं यांचं मिळून केलेलं गाणं. त्याच वर्षी 17 जानेवारीला कोबेत तो भयंकर भूकंप झाला होता, सहा हजारांवर माणसं गेली होती. त्या शहरातल्या शोइन महिला विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये हे काम सुरू झालं आणि 2013 मध्ये संपलं. अठरा वर्षं, पंचावन्न तबकड्या. मध्येच, 2012 मध्ये, बाखने जिथे काम केलं त्या जर्मनीतल्या लाइपझिग शहराने त्यांना बाख पदक दिलं. म्हणजे बाखच्या गावानेच घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं आहे.

आता तुझ्या हातांकडे येते. तुझं पत्र वाचून मी डोळे मिटून तुला पेटीवर बसलेला पाहिला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. सहा वर्षं तुझ्या डाव्या हाताने फक्त हवा भरली आहे. ऑर्गनवर तो उजव्याइतकाच बोलतो, आणि खाली पायांसाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावर दोन्ही पाय स्वतंत्र सूर वाजवतात. कुठल्याही वयाच्या वादकाला हे अवघडच जातं. पण सहा वर्षांत तू लय, श्रुती आणि गाणाऱ्याचा श्वास ओळखायला शिकलास, ते कुठल्याच वर्गात इतकं मुरत नाही. तेव्हा दोन वर्षं फक्त डाव्या हाताची धर. साधा एकसष्ट पट्ट्यांचा जुना कीबोर्ड घे. सोबत पाश्चात्त्य स्वरलिपी शीक, विशेषतः खालच्या स्वरांची, म्हणजे बास क्लेफ. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज किंवा रॉयल स्कूल्स या संगीतसंस्थांच्या परीक्षा भारतात होतात, त्यांची थिअरी घरबसल्या तयार करता येते. मनापासून बसलास तर पाचव्या ग्रेडपर्यंत कोणी अडवणार नाही.

बाखच्या काळच्या, म्हणजे बरोक संगीताचा पाया डाव्या हातातच आहे. बरोक म्हणजे ढोबळमानाने 1600 ते 1750, आणि या दीडशे वर्षांत साथीला ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्यापुढे बहुतेक वेळा फक्त खालचा सूर लिहिलेला असे, आणि त्याच्याजवळ आकडे. 6 लिहिलं असेल तर त्या सुरावर तिसरा आणि सहावा सूर घ्यायचा. 7 असेल तर सातवा. बाकी भरणं वादकाच्या मनावर. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या साथीसारखंच आहे. गायक काय घेणार याचा अंदाज घेत आपण भरतो तसं. फक्त इथे पाया लिहून दिलेला असतो.

वृंद उभा करायचं म्हणतोस, तर एक गोष्ट जवळून सांगते. भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये मी तीस वर्षं चौदा-पंधरा माणसांचा गायनवृंद चालवला. रेल्वेतले फिटर, दोन नर्सबाई, शाळेतली पोरं. नाताळच्या आधी एका गीतात प्रत्येक ओळ ‘संत’ या शब्दाशी थांबत होती. सूर सगळे लागत, पण शेवटचा ‘त’ चौदा जणांचा चौदा वेळा पडे, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी पेटी बंद केली आणि तासभर फक्त तो ‘त’ घेतला. आधी सगळ्यांनी ‘सं’ धरून ठेवायचा, मी बोटं मिटली की एकदम ‘त’. चाळीस वेळा केलं असेल. शेवटी एकाच माणसाने म्हटल्यासारखा ‘त’ आला, तेव्हा मागे बसलेली एका फिटरची आई म्हणाली, ‘‘आता शब्द समजना.’’ अहिराणीत ‘समजना’ म्हणजे समजला. मी तो शब्द मनात जपला आहे. संचालक हात हलवतो ते यासाठी. आधी शब्द, त्या शब्दाला श्वास कुठे, मग सूर. बाखच्या गाण्यात जर्मन शब्द आहेत, त्यांच्या शेवटी असे कित्येक ‘त’ आणि ‘ख’ येतात. सुझुकींच्या वृंदाच्या तबकडीत ते अगदी एकत्र पडतात. ते ऐकताना मला कळतं की या माणसाने अशा किती संध्याकाळी घालवल्या असतील.

आणि माणसं किती लागतात? बाखने 1730च्या ऑगस्टमध्ये लाइपझिगच्या नगरपालिकेला एक अर्ज लिहिला होता. त्यात तो म्हणतो, वृंदाला निदान बारा गायक हवेत, सोळा असले तर उत्तम. म्हणजे प्रत्येक भागाला तीन किंवा चार. तुझ्या भजनी मंडळात किती जण आहेत ते मोज.

उशीर झाला का, म्हणून विचारतोस. पोटापाण्यासाठी ऑर्गनवादक म्हणून महाराष्ट्रात पगार मिळेल असं मी तुला सांगणार नाही, ते खोटं ठरेल. पण शाळेत संगीत शिकवणं, चर्चमध्ये वाजवणं, मुंबईत वृंदगायन करणं, यांत आयुष्य जातं आणि चांगलं जातं, हे मी स्वतः जगून सांगते. मुंबईत परांजोती अकॅडमी कोरससारखा 1956पासून गाणारा वृंद आहे. निदान त्यांचा एक कार्यक्रम बघून ये. आणि भजनी मंडळ सोडू नकोस. सुझुकींना रविवारने घडवलं, तुला एकादशी घडवेल.

प्रश्न : धुळ्याहून एक निवृत्त शिक्षक विचारतात : संगीत नाटकात ऑर्गन असायचा. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत, हे आमच्या पिढीला पाठ आहे. बाखचा ऑर्गन तोच का? मग तो चर्चमध्ये भिंतीएवढा का दिसतो?

उत्तर : गुरुजी, नावाने एक, जातीने वेगळा. नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटी. आत पितळेच्या पट्ट्या असतात, पायाने भाता चालवायचा, हवा पट्टीवरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. बाखच्या ऑर्गनमध्ये मुख्यतः नळ्या असतात, धातूच्या आणि लाकडाच्या, बासरीच्या जातीच्या. बासरी जितकी लांब तितका सूर खाली, म्हणून सर्वांत खालच्या सुरांची नळी दोन पुरुष उंच, कधी त्याहूनही उंच. एका ऑर्गनमध्ये अशा हजारभर नळ्या सहज असतात, म्हणून तो भिंतीएवढा. कोणत्या रांगेला हवा द्यायची ते वादक बाजूचे खुंटे ओढून ठरवतो. भाता चालवायला जुन्या काळी वेगळा माणूस लागे. बाख जेव्हा रात्री एकट्याने सराव करायला बसत असेल, तेव्हाही मागे कोणीतरी भाता ओढत उभं असणारच. त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण त्याच्यावाचून एकही सूर निघाला नसता.

भारतात असा नळ्यांचा ऑर्गन बघायचा असेल तर मुंबईला फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे, कोलकात्याला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहे. आमच्या भुसावळच्या चर्चमधली मात्र पायपेटीच. लहानपणी मी तिच्यावर शिकले, माझे पाय नीट पोचत नव्हते. दर पावसाळ्यात तिच्या भात्याला उंदीर लागत. कापड कुरतडलं की पाय मारले तरी सूर दम धरत नाही, श्वास लागलेल्या माणसासारखा तुटतो. आमचे म्हातारे ऑर्गनवादक जुन्या चपलेचं मऊ चामडं कापून, सरस गरम करून, ठिगळ लावत. मी कंदील धरून बसायची. वाद्याच्या पोटात काय असतं ते मी त्या उजेडात पाहिलं. पुढे कुठलीही मोठी तालीम घेताना मला त्या भात्याची आठवण येते, कारण वृंदाचंही तसंच आहे. आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण फाटतं ते हवेपाशी.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंत की बाखचे सूर जुन्या तबकड्यांपेक्षा आज खाली का वाटतात. तुमचा कान पक्का आहे. आजच्या पाश्चात्त्य वाद्यांत पांढरी सहा सेकंदाला 440 कंपनांची असते. बरोक वाजवणारे ती साधारण 415वर उतरवतात. म्हणजे त्यांची पांढरी सहा आपल्याला काळी चारसारखी ऐकू येते, बरोबर अर्धा सूर खाली. गंमत म्हणजे बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चचा ऑर्गन बाकी वाद्यांपेक्षा पूर्ण सूर वर लागलेला होता. म्हणून ऑर्गनवाल्याची प्रत पूर्ण सूर खाली उतरवून लिहावी लागे. स्केल चेंजर नव्हता ना तेव्हा!

प्रश्न : नवापूरहून एका ताईंचं पत्र : आमच्या मंडळीत सगळे एकाच सुरात गातात. पाळकसाहेब म्हणतात चार आवाजांत गाऊया. सुरुवात केली की आल्टोच्या (खालच्या आवाजाच्या) बाया दोन ओळींत सोप्रानोच्या (वरच्या आवाजाच्या) चालीवर चढतात. काय करावं?

उत्तर : ताई, त्या चढणारच. आपल्या कानाला एकच चाल ऐकायची सवय आहे, आणि वरची चाल गोड असते. तुमच्या भागात तर स्वीडनच्या मिशनऱ्यांनी आणलेली गीतं चार पिढ्या मुरली आहेत, तीही एकाच चालीत.

मी असं करते. आल्टोच्या बायांना वेगळ्या खोलीत नेते आणि त्यांची ओळ त्यांना एक स्वतंत्र ओवी म्हणून शिकवते. जात्यावर बसल्यासारखी, शब्दांसकट, चार दिवस. त्यांना दुसरी चाल अस्तित्वात आहे हे जणू माहीतच नाही, असं. मग दोन गट पाठीला पाठ लावून बसवते. एकमेकींचं तोंड दिसलं की नजर जाते आणि नजरेमागे आवाज जातो. सुरुवातीला पेटीवर फक्त आल्टोची ओळ वाजवा, सोप्रानोला आधार नको, त्यांना चाल येतेच. आणि गीत सोपं निवडा, सलग सरळ चालणारं. चार माणसं एका ओळीला पुरे.

गुड फ्रायडेला आमच्याकडे एक जुनी चाल गातात, ख्रिस्ताच्या जखमांनी भरलेल्या मस्तकाची. तिच्यापासून सुरुवात करा. ती मूळची प्रेमगीताची चाल आहे, हान्स लिओ हास्लर या जर्मन रचनाकाराची, 1601ची. पुढे ती उपासनेत आली आणि बाखने सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा गाणाऱ्या रचनेत, पाच वेळा घेतली. चाल एकच, पण बहुतेक वेळा खालचे तीन आवाज बदलतात आणि दुःखाचा रंग बदलतो. आल्टोच्या बायांना हे सांगा. आपली ओळ म्हणजे भरती नाही, दुःखाचा रंग आपल्या हातात आहे, हे एकदा कळलं की त्या चढणार नाहीत. आमच्या एका आल्टोने दुसऱ्या वर्षी मला सांगितलं, बाई, आता मला सोप्रानोत जायचंच नाही.

प्रश्न : मुक्ताईनगरचे एक वारकरी वाचक : तुमचा बाख आमच्या वारीसारखं काही चालला होता म्हणतात, ते खरं का? आणि सुरुवात कुठल्या गाण्याने करू? भाषा येत नाही.

उत्तर : खरं आहे, माउली. 1705च्या शरदात, वय वीस, आर्नस्टाट गावच्या चर्चचा ऑर्गनवादक असताना बाख पायी ल्यूबेकला निघाला, साधारण चारशे किलोमीटर. तिथे बुक्स्टेहुडे नावाचे थोर ऑर्गनवादक होते, त्यांना ऐकायला. रजा चार आठवड्यांची होती, परत आला चार महिन्यांनी. चर्चच्या लोकांनी त्याला चांगलंच झापलं. तुमच्या मुक्ताबाईंची पालखी महिनाभर चालते, तुम्हाला त्याची ओढ समजेल.

सुरुवातीला बाखची चौथ्या क्रमांकाची कँटाटा घ्या. सुझुकींच्या पहिल्या तबकडीवरही तीच आहे. ईस्टरची आहे. त्यात मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या गीताचे सात चरण आहेत आणि सातही चरणांत तीच चाल आहे. तुम्ही एकच अभंग कधी संथ, कधी टाळांच्या कडकडाटात, कधी एकट्या विणेकऱ्याच्या आवाजात म्हणता, तसं. प्रत्येक चरण ‘हालेलुया’ने संपतो, तो शब्द तुम्हाला भाषेशिवाय ओळखता येईल.

दुसऱ्या चरणाला थांबा. तिथे फक्त दोन आवाज आहेत, वरचे. मृत्यूला कोणी जिंकू शकलं नाही, असा अर्थ. ‘मृत्यू’ या शब्दावर आवाज अर्ध्या सुराने खाली घसरतो, मग थांबतो, पुन्हा घसरतो. खाली बास एकाच पावलाने चालत राहतो, थकलेल्या माणसासारखा. मोबाईलच्या स्पीकरवर तो बास मुळीच ऐकू येणार नाही, तेव्हा इअरफोन लावा, आणि ऐकताना पंखा बंद ठेवा.